मैनेचं शरीर स्वतःचंच रक्त मोडतंय. दुसरं औषध सुरू करू का? आणि गोव्यात रक्त देणारा कुत्रा कुठे शोधायचा?

कुळागरवाली | ९ जुलै, रात्री १०:४०

नमस्कार. एरवी इथे नुसती वाचत असते, लिहायची पहिलीच वेळ. सत्तरी तालुक्यात आमचं कुळागर, म्हणजे माडा-पोफळींची बाग आहे. मैना आमची गावठी कुत्री, सहा वर्षांची, वजन २० किलो.

दोन आठवड्यांपूर्वी तिने बाबांबरोबर सकाळी माडापर्यंत जायचं सोडलं. पोदेराच्या (पाववाल्याच्या) सायकलचा भोंपू वाजला तरी उठेना. जवळच्या एका दवाखान्यात नेलं, तिथे अशक्तपणा म्हणून लोहाचं टॉनिक आणि लिव्हरचं औषध मिळालं. पाचव्या दिवशी ओसरीच्या पांढऱ्या लादीवर तिने लघवी केली ती सोलांच्या आगळासारखी गडद लाल. ओठ वर करून बघितलं तर हिरड्या खोबऱ्यासारख्या पांढऱ्या, कडेला पिवळी झाक.

तशीच पणजीला नेली. तिथल्या डॉक्टरांनी काचेवर तिच्या रक्ताचा थेंब घेतला, त्यात सलाईन मिसळलं आणि काच उजेडात धरून मला दाखवली. रक्त नीट पसरायच्या ऐवजी त्याचे रव्यासारखे कण झाले होते. पीसीव्ही, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचं शेकडा प्रमाण, १२. म्हणाल्या, हिची प्रतिकारशक्ती हिच्याच तांबड्या पेशींवर उलटली आहे. ओळखीतल्या एका लॅब्रॅडोरचं ३०० मिली रक्त चढवलं, दुसऱ्या दिवशी पीसीव्ही १९ झाला. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दिवसाला ४० मिग्रॅ सुरू आहे. आज चौथा दिवस, पीसीव्ही १७.

आता डॉक्टर अझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं दुसरं औषध जोडू म्हणतात. गोचीडतापाचं काचेवर काही दिसलं नाही. रक्त चढवायच्या आधीच घेतलेला नमुना पीसीआरसाठी (जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी) बाहेर पाठवलाय, अजून निकाल नाही. शेजारी म्हणतात हा साधा गोचीडताप, डॉक्सी (डॉक्सिसायक्लिन, अँटिबायोटिक) दे आणि पपईच्या पानांचा रस पाज. बाबा म्हणतात पुरे झाली सुया, तिला तिच्या जागेवर निजू दे. पुन्हा रक्त लागलं तर कोणाकडे जाऊ तेही कळत नाही. कोणी यातून गेलं असेल तर कृपा करून लिहा.

मांडवीकाठ | ९ जुलै, रात्री ११:०५

पपईचा रस आम्ही आमच्या टिपूला दिला होता. प्लेटलेट्स ४० हजारांवर होत्या, डॉक्सी आणि रस दोन्ही चालू ठेवलं, आठवड्यात कुत्रा उठून गेटपाशी भुंकायला लागला. शेजाऱ्यांचं अगदीच सोडून देऊ नका.

डिचोलीकर | ९ जुलै, रात्री ११:३२

मांडवीकाठ, टिपू डॉक्सीने उठला असणार. एर्लिकिया या गोचिडीतून येणाऱ्या जंतूवर डॉक्सी लवकर लागू पडते, दोन-तीन दिवसांत कुत्रा जेवायला लागतो. रसाचं श्रेय कसं ठरवणार? शिवाय मैनेच्या तांबड्या पेशी फुटताहेत, प्लेटलेट्सची गोष्ट निराळी.

प्लेटलेट्सवाला आजार आमच्या रूबीला झाला होता. बलकांवच्या सोप्यावर उताणी पडून पोट खाजवून घेत होती, तेव्हा मांडीच्या आतल्या बाजूला लाल टिपके दिसले. मला वाटलं डास चावले. बोटाने दाबून बघितलं, दाबूनही टिपका फिका होईना. दुसऱ्या दिवशी हिरडीतून रक्त. प्लेटलेट्स ८ हजार, जिथे दोन लाखांच्या वर हव्यात. स्टेरॉइडबरोबर व्हिन्क्रिस्टिनचं एकच इंजेक्शन शिरेतून दिलं आणि पाचव्या दिवशी आकडा ९० हजारांवर गेला. ते इंजेक्शन शिरेबाहेर गेलं तर मांस जळतं, म्हणून डॉक्टरांनी कॅथेटर दोनदा तपासून मगच दिलं. त्या आठवड्यात रूबीला उडी मारू दिली नाही, हाड दिलं नाही, दात घासले नाहीत.

साखळीची_सई | १० जुलै, सकाळी ६:५०

बाय, काळजी करू नकोस. मैनेला सातेरी देवी सांभाळील.

पशुवैद्य_फोंडा | १० जुलै, दुपारी २:१५

कुळागरवाली, तुमच्या डॉक्टरांनी नमुना रक्त चढवायच्या आधी काढून ठेवला हे फार चांगलं केलं. मी मैनेला पाहिलेलं नाही, तेव्हा हे उपचार म्हणून नव्हे, समजून घ्यायला लिहितो.

या आजाराची दोन रूपं. एकात कारण सापडत नाही, प्रतिकारशक्ती आपोआप बिथरते. कॉकर स्पॅनियलमध्ये हे रूप जास्त दिसतं. दुसऱ्यात मागे काहीतरी असतं: बॅबेशिया किंवा एर्लिकियासारखा गोचिडीतून येणारा जंतू, कॅन्सर, एखादं औषध. आपल्याकडे गोचीड बारा महिने, त्यामुळे गोव्यात दुसरं रूप आधी शोधायचं. काचेवर दिसलं नाही म्हणजे नाहीच, असं होत नाही. बॅबेशिया गिब्सोनी हा जंतू इतका बारीक असतो की अनुभवी डोळ्यालाही चुकतो. म्हणून पीसीआर.

लोहाचं टॉनिक बंद केलं असेल तर बरंच झालं. फुटलेल्या पेशींतलं लोह शरीर पुन्हा वापरतं. तुटवडा पेशींचा आहे, लोहाचा नाही.

अझाथायोप्रिनबद्दल. पीसीव्ही २४ तासांत ५ किंवा जास्त अंकांनी घसरला, आठवड्यानंतरही रक्त चढवल्याशिवाय भागेना, सुरुवातीलाच आजार जिवावर बेतलेला असला किंवा स्टेरॉइड झेपेना, तर दुसरं औषध जोडतात. कारखान्यात माल लगेच तयार होत नाही तसं हाडातल्या मज्जेचं आहे, नव्या पेशी दिसायला तीन ते पाच दिवस लागतात. तेव्हा चौथ्या दिवसाचा १७ बघून घाबरू नका. अझाथायोप्रिनचा परिणाम यायलाही दोन आठवडे किंवा जास्त जातात. ते देताना यकृत आणि पांढऱ्या पेशी तपासत राहावं लागतं, गोळी मोडायची नाही, हातमोजे घालून द्यायची. १२ पीसीव्ही म्हणजे गंभीरच, त्यामुळे तुमच्या डॉक्टर चुकीचं सांगत नाहीत. फक्त त्यांना सरळ विचारा: पीसीआर दोन-चार दिवसांत येणार असेल तर थांबता येईल का? हा प्रश्न विचारल्याने कोणत्याही डॉक्टरला राग येऊ नये.

आणखी एक नक्की विचारा, क्लोपिडोग्रेल, म्हणजे रक्ताची गाठ होऊ न देणारी गोळी, चालू आहे का. या आजारात कुत्री रक्त कमी पडून जातात त्याहून जास्त फुप्फुसात रक्ताची गाठ अडकून जातात. पहिले दोन आठवडे सगळ्यात धोक्याचे. प्लेटलेट्स ३० हजारांच्या खाली असतील तर मात्र ती देत नाहीत. मैनेचा श्वास अचानक वाढला तर रात्र असो, पाऊस असो, निघायचं.

पेडण्याचा_पाऊस | १० जुलै, रात्री ९:२०

मला हे लिहायला त्रास होतो, तरी लिहितो. आमचा ब्रूनो याच आजारातून बरा होत होता. विसाव्या दिवशी पीसीव्ही ३८. खात होता, शेतावर धावत होता. स्टेरॉइडने त्याला तहान इतकी लागायची की रात्री तीनदा उठून दार उघडावं लागायचं, पाठीचं मांस गेलं होतं, पोट सुटलं होतं. मला वाटलं आता हे विष कशाला. मी गोळ्या एकदम बंद केल्या. डॉक्टरांना विचारलं नाही.

नवव्या दिवशी पुन्हा पिवळा झाला. या खेपेला काहीच लागू पडलं नाही.

ताई, गोळी कमी करायची ती डॉक्टरांच्या हातानेच. कुत्रा बरा दिसतो तेव्हाच आपला हात चुकतो.

पशुवैद्य_फोंडा | १० जुलै, रात्री १०:०१

पेडण्याचा_पाऊस, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. ज्या रूपात कारण सापडत नाही त्यात पीसीव्ही स्थिर झाल्यावर दर तीन आठवड्यांनी साधारण पाव हिस्सा कमी करतात, एकूण चार ते सहा महिने. आणि आठवडेच्या आठवडे स्टेरॉइड घेतलेल्या कुत्र्याच्या स्वतःच्या, स्टेरॉइड बनवणाऱ्या ग्रंथी झोपलेल्या असतात, एकदम तोडलं तर तोही वेगळा धोका.

दोन_लॅबवाला | ११ जुलै, सकाळी ८:३०

रक्ताचं सांगतो. माझ्या लॅबने, बंड्याने, तीनदा रक्त दिलंय. कुत्र्यांत मुख्य गट डीईए १, तो असतो किंवा नसतो. माणसासारख्या त्याविरुद्धच्या अँटीबॉडी जन्मापासून नसतात, म्हणून पहिल्यांदा रक्त चढवताना बहुतेक वेळा निभावतं. मैनेला एकदा चढवून झालंय. आता चार दिवसांनंतर पुन्हा चढवायचं तर क्रॉसमॅच (दोघांचं रक्त जुळतं का ही तपासणी) केल्याशिवाय नको.

देणारा कुत्रा २५ किलोच्या वरचा, एक ते आठ वर्षांचा, लसी झालेला, स्वतः कधी रक्त न घेतलेला हवा. मादी असेल तर गाभण नको. आणि गोचीडतापाची तपासणी झालेली हवी, नाहीतर एकाचा आजार दुसऱ्याला जातो. बंड्याला टेबलावर कुशीवर निजवतात, मानेवरचे केस भादरतात, माणसांच्या रक्तपेढीत असते तीच पिशवी खाली ठेवतात. मी त्याच्या नाकापाशी पाव धरून बसतो. पंधरा-वीस मिनिटांत ४५० मिलीची पिशवी भरते, मग तो दोन पाव खातो आणि गाडीत जाऊन झोपतो.

चेन्नईच्या पशुवैद्यक महाविद्यालयात कुत्र्यांची रक्तपेढी आहे. आपल्याकडे अजून सगळं फोनाफोनीवर. मैनेला लागलं तर निरोप टाका, बंड्या तयार आहे.

तिळारी | ११ जुलै, दुपारी १:१०

मैनेला लस कधी दिली होती? आमच्या इथे एका पॉमला लस दिल्यावर महिन्याभरात असंच झालं. मला वाटतं लसीमुळेच होतं. मी तर आमच्या कुत्र्याला आता काहीच टोचणार नाही.

मिरामार_फेरी | ११ जुलै, दुपारी १:४५

तिळारी, असं नका करू. २०१४ पासून दारोदार फिरून रेबीजची लस टोचली गेली, म्हणून २०२१ मध्ये गोवा देशातलं पहिलं रेबीज-नियंत्रित राज्य जाहीर झालं. एका पॉमवरून ते मोडीत काढायचं?

पशुवैद्य_फोंडा | ११ जुलै, सायंकाळी ७:२०

लसीचा संशय जुना आहे, पुरावा भक्कम नाही. ज्या कुत्र्याला हा आजार होऊन गेलाय त्याच्या बाबतीत कोणती लस खरंच हवी आणि कधी, हे डॉक्टरांबरोबर बसून ठरवावं. निरोगी कुत्र्याची लस या भीतीने थांबवू नये.

तिळारी | ११ जुलै, रात्री ८:०२

ठीक. पॉमच्या मालकांशी पुन्हा बोललो. त्याच महिन्यात त्याच्या कानात गोचिडी सापडल्या होत्या म्हणे. हे मला आधी माहीत नव्हतं.

म्हापशेकर_७ | १२ जुलै, सकाळी ९:१५

गोचिडीचं निघालंच आहे तर. कुत्र्यावरची तपकिरी गोचीड रानापेक्षा घरातच जास्त राहते. रक्त पिऊन फुगली की खाली पडते, भिंत चढते आणि फटीत हजारो अंडी घालते. आपल्या चिऱ्याच्या भिंतींना भोकंच भोकं. आमच्या कुत्र्याच्या खोलीत टॉर्च मारून बघितली तर गिलावा न केलेल्या चिऱ्यांच्या सांध्यात राईच्या दाण्यांसारख्या ओळी बसलेल्या. सांधे सिमेंटने बुजवले, जुनी गोणपाटं जाळली, कुत्र्याला फ्लुरालेनरची गोळी दर तीन महिन्यांनी. तेव्हा कुठे दम पडला.

आणि कृपा करून गुरांवर मारायचं औषध अंदाजाने कुत्र्याला चोळू नका, रॉकेल तर मुळीच नको.

कुळागरवाली | १२ जुलै, रात्री ११:३०

सगळ्यांचे उत्तर वाचून रडू आलं. पीसीव्ही १८. क्लोपिडोग्रेल चालू आहे. डॉक्टरांना विचारलं, त्या म्हणाल्या पीसीआर मंगळवारपर्यंत येईल, तोवर पीसीव्ही रोज बघू आणि घसरला तर त्याच दिवशी अझाथायोप्रिन सुरू करू. बाबा अजून बोलत नाहीत. रात्री मात्र तिच्या बाजूला चटई टाकून निजतात.

सांजवेळ | १३ जुलै, सकाळी ७:१०

बाबांवर रागावू नका. माझी जर्मन शेफर्ड अकरा वर्षांची होती, आजार परतला होता, मूत्रपिंडं गेली होती. तेव्हा मी थांबायचा निर्णय घेतला आणि तो बरोबर होता. मैना सहा वर्षांची आहे, उपचाराला प्रतिसाद देतेय, तिचं वेगळं. बाबांना एकदा दवाखान्यात बरोबर न्या. तिचे आकडे त्यांना स्वतः ऐकू द्या. लांबून फक्त सुयाच दिसतात.

कुळागरवाली | १५ जुलै, दुपारी १२:५०

पीसीआर आला. बॅबेशिया गिब्सोनी पॉझिटिव्ह, एर्लिकिया निगेटिव्ह.

पीसीव्ही २०. बाबा आज बरोबर आले होते. अझाथायोप्रिन आता देणार नाहीत. अ‍ॅटोव्हाक्वोन आणि अझिथ्रोमायसिन, दहा दिवस. स्टेरॉइड लवकर उतरवू म्हणाल्या. दोन शंका आहेत. हा जंतू लॅब्रॅडोरच्या रक्तातून तर आला नाही ना? आणि म्हणजे शेजारी बरोबर होते का?

पशुवैद्य_फोंडा | १५ जुलै, दुपारी ३:३०

लॅब्रॅडोरकडून नाही, तुमचा नमुना रक्त चढवायच्या आधीचा आहे. तरी त्या लॅब्रॅडोरची तपासणी करून घ्या, त्याच्या मालकांनाही उपयोग होईल. गिब्सोनी गोचिडीशिवाय कुत्र्यांच्या मारामारीत, चाव्यातूनही जातो. मैना कुळागरात कोणाशी भांडते का?

शेजारी निम्मे बरोबर. गोचीडताप होता, पण डॉक्सीने तो गेला नसता. मोठ्या आकाराच्या बॅबेशियाला चालणारं इमिडोकार्बचं इंजेक्शनही गिब्सोनीचा पुरता बंदोबस्त करत नाही. स्टेरॉइडही फुकट गेलं नाही, पेशी फुटणं त्यानेच आवरलं.

अ‍ॅटोव्हाक्वोन स्निग्ध जेवणाबरोबरच द्या, रिकाम्या पोटी ते अंगी लागत नाही. मलेरियाच्या जोडगोळीतून देत असाल तर त्यातल्या प्रोग्वानिलने उलट्या होतात. उलटीत गोळी पडली तर डॉक्टरांना फोन करा, मनाने दुसरी देऊ नका.

कुळागरवाली | १५ जुलै, दुपारी ४:०५

भांडते. मे महिन्यात वरच्या वाड्यावरच्या कुत्र्याने तिचा कान फाडला होता. हळद लावली आणि विसरून गेलो.

मांडवीकाठ | १५ जुलै, सायंकाळी ६:४०

मी पपईचं सांगितलं होतं. टिपूचा पीसीआर आम्ही कधी केलाच नव्हता, या आठवड्यात करून घेतो.

कुळागरवाली | २९ ऑगस्ट, रात्री ९:५५

बऱ्याच दिवसांनी येतेय. दहा दिवसांचा कोर्स पुरा झाला. तिसऱ्या आणि सहाव्या दिवशी उलटी झाली, उकड्या तांदळाच्या पेजेत तूप घालून थोडं थोडं भरवलं. पीसीव्ही जुलैअखेर २९, आज ३७. स्टेरॉइड ४० वरून ५ वर आलंय, तेही एक दिवसाआड.

भूक मात्र अजून तशीच. चवथीला माटोळी (गणपतीवरची फळाफुलांची मंडपी) बांधायच्या गडबडीत कोणाचं लक्ष नव्हतं, नेवऱ्यांचा (करंज्यांचा) अर्धा डबा तिने संपवला. बाबा ओरडले नाहीत. उरलेल्यातली एक उचलून तेही खायला बसले.

साखळीची_सई | २९ ऑगस्ट, रात्री १०:१०

बाप्पाच्या आधी मैनेने नैवेद्य खाल्ला म्हणायचा! खाऊ दे बाय तिला.

पेडण्याचा_पाऊस | ३० ऑगस्ट, सकाळी ६:१५

खूप बरं वाटलं. उरलेली अर्धी गोळीसुद्धा डॉक्टर सांगतील तोपर्यंत.

कुळागरवाली | २७ सप्टेंबर, सायंकाळी ७:३०

साठ दिवसांचा पीसीआर निगेटिव्ह. आणखी एक महिन्याने नव्वद दिवसांचा करायचा आहे, तो आला की मोकळी. पीसीव्ही ४१. स्टेरॉइड गेल्या आठवड्यात बंद झालं, डॉक्टरांच्या सांगण्यावरून. ज्यांच्या लॅब्रॅडोरने रक्त दिलं त्यांचीही तपासणी केली, तो स्वच्छ आहे. मैनेला आता दुसऱ्या कुत्र्याला रक्त देता येणार नाही, याचं वाईट वाटतं. एकदा घेतलेल्या कुत्रीकडून घेत नाहीत.

सकाळी ती बाबांबरोबर माडापर्यंत गेली. कानाचा फाटलेला तुकडा तसाच लोंबतो.

माझा दुसरा प्रश्न मात्र राहिलाच होता, रक्त देणारा कुत्रा कुठे शोधायचा. मी वहीत तालुक्यावार नावं लिहायला घेतलीत: कुत्र्याचं वजन, वय, लसी, गोचीडतापाची शेवटची तपासणी कधी. दोन_लॅबवाला, बंड्याचं नाव पहिलं लिहिलंय. सत्तरी आणि काणकोणात अजून एकही नाही. कोणाला द्यायचं असेल तर मला खाजगी निरोप टाका, फोन नंबर इथे उघड लिहू नका.

दोन_लॅबवाला | २७ सप्टेंबर, रात्री ८:००

बंड्या आता साडेसात वर्षांचा झालाय, पुढच्या वर्षी त्याला थांबवीन. त्याची पोरगी झिपरी २७ किलो, दोन वर्षांची. तिचा पीसीआर सोमवारी देतो, निकाल आला की तिचंही लिहा.

म्हापशेकर_७ | २७ सप्टेंबर, रात्री ८:२५

बार्देशसाठी आमचा रॉकी, ३१ किलो, चार वर्षांचा. डीईए तपासलेला नाही, तपासून कळवतो.

तिळारी | २८ सप्टेंबर, सकाळी ७:४०

आमचा २६ किलोचा आहे. रेबीजची लस गेल्या महिन्यात दिली. रक्त द्यायला त्यानंतर किती दिवस थांबावं लागतं, डॉक्टर?